कॅमेऱ्यांचं सबनेट बदललं म्हणजे नेटवर्क वेगळं झालं का? सबनेट आणि व्हीलॅन यांतला फरक

घरी पाच-सहा आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) बसवला की कॅमेरे बाकीच्या नेटवर्कपासून तोडून ठेवावेत हे आता बहुतेकांना पटलेलं असतं. मग घरातले मोबाइल-लॅपटॉप १९२.१६८.१ च्या मालिकेत राहतात आणि कॅमेऱ्यांना १९२.१६८.२० चे, म्हणजे वेगळ्या सबनेटचे (पत्त्यांच्या गटाचे), पत्ते दिले जातात. लॅपटॉपवरून कॅमेऱ्याला पिंग (उत्तर येतं का पाहणारी चाचणी) लागत नाही, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण सगळ्या केबली एकाच साध्या स्विचमध्ये असतील तर काहीही वेगळं झालेलं नाही.

सबनेट ही त्या-त्या उपकरणाची स्वतःची समजूत असते. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळणारे आपले शेजारी, बाकीच्यांसाठी गेटवेकडे (म्हणजे राउटरकडे) जायचं, एवढंच ते ठरवतं. साधा स्विच आयपी पत्ता पाहतच नाही, तो मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावर) चालतो आणि ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीचे संदेश) सगळ्या पोर्टांवर पाठवतो. कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने स्वतःला १९२.१६८.१ मधला आणखी एक पत्ता लावून घेतला की तो थेट तुमच्या लॅपटॉपशी बोलू लागतो. आयपीव्ही६ चालू असेल तर तेही करावं लागत नाही, कारण एफई८० ने सुरू होणारे लिंक-लोकल पत्ते आपोआप लागलेले असतात. कॅमेरे बसवणाऱ्यांना याचा पुरावा रोज दिसतो: हिकव्हिजनचं एसएडीपी हे कॅमेरे शोधणारं सॉफ्टवेअर वेगळ्या सबनेटमधला नवा कॅमेराही शोधून दाखवतं. मधे भिंत असती तर तो दिसलाच नसता.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेली वेगळी आभासी नेटवर्कं, आणि त्यांत निर्णय स्विचचा असतो. ८०२.१क्यू मानकानुसार फ्रेममध्ये (नेटवर्कवरच्या डेटाच्या पाकिटात) ४ बाइटचा टॅग लागतो, त्यात १ ते ४०९४ पैकी व्हीलॅन क्रमांक असतो. कॅमेऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याची फ्रेम स्विचमध्ये शिरली की तिला क्रमांक मिळतो आणि त्या व्हीलॅनच्या पोर्टांबाहेर ती जात नाही. त्याने पत्ता कितीही बदलला तरी फरक पडत नाही. सबनेट मात्र इथेही लागतंच. प्रत्येक व्हीलॅनला स्वतःचं सबनेट नसेल तर राउटरला दोन बाजूंमध्ये वाट काढता येत नाही. दोन्ही गोष्टी कायम जोडीने दिसतात, म्हणूनच त्यांची गल्लत होते.

आठ पोर्टांचा स्मार्ट (सेटिंग बदलता येणारा) पीओई (केबलमधूनच वीज देणारा) स्विच धरू. १ ते ५ कॅमेरे, ६ वर एनव्हीआर, ७ वर तुमचा लॅपटॉप, ८ वरून राउटर. आधी व्हीलॅन २० तयार करून १ ते ६ पोर्ट त्यात अनटॅग्ड (बाहेर जाताना टॅग काढून) आणि ८ टॅग्ड (टॅग ठेवून) घाला. मग १ ते ६ चा पीव्हीआयडी (पोर्टाचा मूळ व्हीलॅन क्रमांक) २० करा. शेवटी १ ते ६ व्हीलॅन १ मधून (जिथे सुरुवातीला सगळे पोर्ट असतात) काढा. ७ आणि ८ व्हीलॅन १ मध्ये अनटॅग्डच राहू द्या.

चुका शेवटच्या दोन पायऱ्यांत होतात. स्विचमधून बाहेर जाणारी फ्रेम कुठल्या पोर्टावर निघेल हे सदस्यत्व ठरवतं. आत येणाऱ्या, टॅग नसलेल्या फ्रेमचा व्हीलॅन पीव्हीआयडी ठरवतो. दोन्ही पायऱ्या राहिल्या तर सगळं पूर्वीसारखं चालतं, चित्र येतं, आणि विलगीकरण मात्र शून्य असतं. हीच सगळ्यात फसवी अवस्था. पीव्हीआयडी बदलला पण व्हीलॅन १ मधून पोर्ट काढले नाहीत, तर घरातले ब्रॉडकास्ट कॅमेऱ्यांपर्यंत पोचत राहतात.

राउटरकडेही पाहावं लागतं. अनेक राउटर दोन व्हीलॅनांमध्ये विनाअडथळा वाहतूक करतात, म्हणजे स्विचने बांधलेल्या भिंतीला तिथे दार पडतं. फायरवॉलमध्ये घराकडून एनव्हीआरकडे परवानगी द्या. व्हीलॅन २० मधून सुरू होणारी घराकडची आणि इंटरनेटची जोडणी बंद ठेवा. राउटर वेळ पुरवत असेल तर त्याच्याकडे यूडीपी १२३ (वेळ जुळवण्याचं पोर्ट) तेवढं उघडं ठेवा, नाहीतर कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू भरकटतात आणि रेकॉर्डिंगवरची वेळ चुकते.

स्विचचा स्वतःचा पत्ता घराच्या बाजूला, स्थिर आणि राउटरच्या डीएचसीपी पट्ट्याबाहेर (आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांबाहेर) ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. सेटिंग बदलताना लॅपटॉप ७ वरच असू द्या. कॅमेऱ्याच्या पोर्टावर बसून व्हीलॅन बदलला की स्वतःलाच बाहेर काढून रीसेटचं बटण दाबायची वेळ येते. काही स्वस्त स्मार्ट स्विचचं पान कुठल्याही व्हीलॅनमधून उघडतं. मॅनेजमेंट व्हीलॅनची (पान ठरावीक व्हीलॅनमधूनच उघडू देणारी) सोय असेल तर वापराच, आणि मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

राउटरला व्हीलॅन कळत नसेल, तर कॅमेऱ्यांना पूर्ण वेगळा स्विच देणं हाच स्वच्छ उपाय आहे. तो राउटरला जोडायचाच नाही. दोन लॅन पोर्टांचा एनव्हीआर असेल तर एक पोर्ट तिकडे, एक घराकडे. मात्र दोन्ही पोर्टांना वेगळे पत्ते देणारा मोडच निवडा. लोड बॅलन्स मोडमध्ये दोन्ही पोर्ट एकाच पत्त्यावर चालतात. कॅमेऱ्यांना वेळ एनव्हीआर देईल. असा स्विच हाताळायला लॅपटॉपची केबल त्यात लावून हाताने १९२.१६८.२०.५० पत्ता द्या, गेटवे रिकामा ठेवा आणि लॅपटॉपचं वायफाय तेवढ्यापुरतं बंद करा.

खात्रीची चाचणी अशी. बाहेरच्या कॅमेऱ्याची केबल काढून लॅपटॉपला लावा, वायफाय बंद ठेवा, लॅपटॉपला घराच्याच मालिकेतला न वापरलेला पत्ता द्या, जसं १९२.१६८.१.२४०. आता राउटर आणि स्विच दोघांच्या पत्त्यांवर पिंग करा, ब्राउझरमध्ये स्विचचं पानही उघडून बघा. कंपाउंडवरची केबल उपटणाऱ्यालाही नेमकं हेच करता येतं. काहीही उत्तर आलं तर पीव्हीआयडी आणि व्हीलॅन १ पुन्हा तपासा; फक्त स्विचच उत्तर देत असेल तर कारण वर सांगितलेलं, कुठल्याही व्हीलॅनमधून उघडणारं पानही असू शकतं. कित्येक स्विचमध्ये सेटिंग कायम ठेवायला सेव्हचं वेगळं पान असतं, म्हणून सेव्ह करून स्विचची वीज एकदा बंद-चालू करा आणि हीच चाचणी परत घ्या.