थरांच्या ऑक्साइडमधले अडलेले इलेक्ट्रॉन

हिशेबाप्रमाणे ज्यातून वीज वाहायला हवी, तोच पदार्थ वीज अडवून धरतो, हे कोडे १९३७ साली डी बोअर आणि फेरवाय यांनी निकेल ऑक्साइडच्या निमित्ताने मांडले. निकेलच्या डी कक्षा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या बाहेरच्या जागांचा एक गट, त्यात अर्धवट भरलेल्या. घन पदार्थातले इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या पट्ट्यांत मांडणाऱ्या पट्टा सिद्धांतानुसार असा पदार्थ धातूसारखा वागला पाहिजे, पण तो पक्का विद्युतरोधक निघाला. पायर्ल्स आणि मॉट यांनी त्याच वर्षी कारण सुचवले: इलेक्ट्रॉन एकमेकांना इतक्या जोराने दूर लोटतात की शेजारच्या अणूवर उडी मारणे त्यांना परवडत नाही. १९६३ मध्ये हबर्डने ही ओढाताण गणितात बसवली.

तरी बहुतेकांच्या लेखी ऑक्साइड म्हणजे मातीच्या भांड्यांचे नातेवाईकच राहिले. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्युलर यांनी लॅन्थॅनम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडमध्ये सुमारे ३५ केल्विनला (उणे २३८ अंश सेल्सियस) अतिसंवाहकता, म्हणजे विजेला अजिबात रोध न होणे, सुरू होताना पाहिली. तोवरचा विक्रम २३ केल्विनच्या आसपास अडला होता. पुढच्याच वर्षी यिट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडने ९० केल्विन ओलांडले, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनची थंडीही पुरेशी ठरली.

या पदार्थांत तांबे-ऑक्सिजनचे सपाट थर एकावर एक रचलेले असतात. मूळ लॅन्थॅनम-तांबे ऑक्साइडमध्ये प्रत्येक तांब्यापाशी एक एकटा इलेक्ट्रॉन जागीच खिळलेला असतो आणि शेजाऱ्यांच्या फिरकीचे (इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकत्वाचे) रोख उलटसुलट लागतात. काही लॅन्थॅनमच्या जागी बेरियम घातला की थरांतून थोडे इलेक्ट्रॉन कमी होतात, रिकाम्या जागा पडतात आणि अडलेली गर्दी हलू लागते. मला मात्र शून्य रोधापेक्षा त्याच्या वरच्या तापमानातले वागणे अधिक गूढ वाटते. बेरियमसारख्या भरीचे प्रमाण नेमके साधले, की रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत, शेकडो केल्विनपर्यंत वाढत जातो. नेहमीच्या धातूंचा सिद्धांत इथे पुरा पडत नाही, आणि सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

तांब्याची जागा इतर धातूंनी घेतली तेव्हा प्रत्येकाचा स्वभाव वेगळा निघाला. त्याच रचनेचे स्ट्रॉन्शियम रुथेनेट (रुथेनियम धातूचे ऑक्साइड) १९९४ मध्ये अतिसंवाहक ठरले, पण जेमतेम एक-दीड केल्विनला. सोडियम कोबाल्ट ऑक्साइड धातूसारखे वाहक असूनही तापमानातल्या फरकातून मोठा विद्युतदाब निर्माण करते, हे १९९७ मध्ये दिसले. निकेलची पाळी सर्वात उशिरा आली: २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला निकेलच्या ऑक्साइडांच्या पातळ थरांत अतिसंवाहकता सापडली, तर २०२३ मध्ये प्रचंड दाबाखालच्या लॅन्थॅनम निकेलेटमध्ये (लॅन्थॅनम आणि निकेलच्या ऑक्साइडमध्ये) ती ८० केल्विनजवळ दिसली.