टँक क्रॅश झालाय? विकायला काढायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

सॉल्टवॉटर टँकच्या (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या) प्रत्येक बिलाबरोबर आम्ही हे पत्रक देतो आणि बहुतेक जण ते पिशवीतच ठेवतात. हरकत नाही, नवीन सेटअपच्या आनंदात कोण वाचतंय. पण एखाद्या सकाळी पाणी दुधासारखं झालेलं दिसलं, किंवा लाडकी यलो टँग (पिवळा समुद्री मासा) तळाशी आडवी पडलेली दिसली, म्हणजे टँक क्रॅश झाल्यासारखा वाटला, तर त्या दिवशी मात्र शोधून काढा आणि चहा घेत निवांत वाचा.

आमच्याकडे सेकंडहँड सेटअप विकायला बरेच जण येतात. काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही कळलंच नाही हो, अचानक सगळं गेलं." आणि ज्यांना कळलेलं असतं, म्हणजे हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला आणि रात्रभर पाणी तापत राहिलं, किंवा उडालेलं पाणी भरून काढणाऱ्या टॉप-अपचा फ्लोट अडकला, ते शिव्या घालत येतात खरे पण टँक विकायला नाही, टेंपरेचर कंट्रोलर घ्यायला येतात. नुकसान दोघांचं सारखंच. म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे की हॉबी सोडायची का नाही हे कारण सापडल्यावर ठरवा, त्याआधी नको.

पहिला दिवस

मेलेलं जे दिसतंय ते आधी बाहेर काढा, खडकाच्या मागे पण बघा, कारण एक कुजणारा मासा छोट्या टँकचा अमोनिया सहज वर नेतो. पॉवरहेडचं (पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड पृष्ठभागाकडे करा म्हणजे ऑक्सिजन वाढेल. मग टेंपरेचर, सॅलिनिटी (खारेपणा), अमोनिया आणि केएच (अल्कलिनिटी) या चार गोष्टी मोजा, आणि मोजून झाल्यावरच पाणी बदला, आधी नाही, कारण पाणी बदललं की पुरावा पण ड्रेनमध्ये जातो. आकडे कागदावर लिहा, फोटो काढा. नवीन पाणी पाव टँकपेक्षा जास्त नको, आणि त्याची सॅलिनिटी आणि टेंपरेचर जुन्या पाण्याशी जुळलेलं पाहिजे. टँकचा केएच ७ असेल आणि तुमच्या मिठाचा ११-१२ येत असेल तर घाबरून अर्धं पाणी बदलल्यावर उरलेल्या अॅक्रोपोराची (नाजूक दगडी कोरलची) टोकं पण जळतात, आणि मग माणूस म्हणतो की पाणी बदलूनही मेलंच. फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन टाका, तो बहुतेक वेळा फायद्याचाच असतो.

त्या दिवशी औषध मात्र ओतू नका. कॉपर (माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध) डिस्प्ले म्हणजे मुख्य टँकमध्ये गेलं की कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं संपतं आणि खडक ते शोषून ठेवतो तो प्रॉब्लेम वेगळाच.

सगळ्यात महत्त्वाचं, हे जरा ठळक अक्षरात वाचा: राग आला म्हणून लाइव्ह रॉक (टँकमधला सजीवांनी भरलेला खडक) उकळू नका. नवीन सुरुवात करायची म्हणून लोक खडक पातेल्यात टाकून गॅसवर ठेवतात. त्याच्यावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (कोरलसारखे जीव) असतील तर त्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर घरभर पसरतं. परदेशात अशा प्रकाराने अख्खी कुटुंबं हॉस्पिटलमध्ये गेलेली आहेत. गरम पाणी, प्रेशर वॉशर, ब्रशने कोरडं घासणं, काहीच नको. आमच्याकडे आणा, काय करायचं ते बघू.

आणि दुधाळ पाणी म्हणजे कायम संकट असतं असं पण नाही. कधीकधी टर्बो गोगलगाय काचेवर वर चढून आपल्या पुढच्या पिढीची सोय करत असते आणि टँकभर पांढरा धूर होतो. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा, दिवसभरात साफ होतं. अशा वेळी फोन करणाऱ्यांना आम्ही अभिनंदन म्हणतो.

कुरूप महिने

खरं सांगायचं तर क्रॅशपेक्षा जास्त लोक हॉबी इथे सोडतात. सायकलिंगचे (टँकमध्ये उपयोगी बॅक्टेरिया तयार होण्याचे) चार ते सहा आठवडे सगळे नीट काढतात, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, क्लाउनफिशची जोडी आली, पाहुणे येऊन बघून गेले, आणि मग वाळूवर तपकिरी पावडर दिसायला लागते. ती डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ, ती पाण्यातल्या सिलिकेटवर जगते आणि सिलिकेट संपलं की आपोआप जाते. ती जाते तोवर हिरवं केसाळ शेवाळ येतं, मग लालसर जांभळी साय येते ती सायनो (सायनोबॅक्टेरिया). तीन ते सहा महिने हा प्रकार चालतो, काहींचा वर्षभर. इतके पैसे घालून आपण गटार पाळलंय असं वाटायला लागतं, आणि घरचे ते बोलून पण दाखवतात.

इथे माणूस जी चूक करतो ती मेहनतीपोटी करतो. शेवाळ म्हणजे पाण्यात खत जास्त, असं वाचलेलं असतं, म्हणून तो फॉस्फेट रिमूव्हर दुप्पट घालतो, माशांचं खाणं बंद करतो, आठवड्यात दोनदा पाणी बदलतो, आणि नायट्रेट फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणतो. शून्य दिसल्यावर खुश होतो. मग येतात डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव). तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यात हवेचे बुडबुडे, लाइट बंद झाल्यावर कमी दिसतात आणि दुपारपर्यंत परत हजर. डायनोंना असा उपाशी टँक फार आवडतो कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जीव तोवर मेलेले असतात. अशा वेळी पाणी बदलणं थांबवा, माशांना पोटभर खायला द्या, नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या मध्ये येऊ द्या, यूव्ही दिवा लावता आला तर लावा (काही जाती पाण्यात पोहतात त्यांच्यावरच तो चालतो), आणि गोगलगायी मरतायत का बघा कारण काही डायनो विषारी असतात. आठवडे लागतात, एका रविवारात होणारं काम नाही हे.

डायटम जातच नसतील तर पाणी कुठून येतंय ते बघा. किचनमधल्या आरओचं पाणी बरेच जण वापरतात आणि आम्हाला सांगत नाहीत. त्या मशीनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, म्हणजे गाळलेल्या पाण्यात क्षार परत घातलेले असतात. टीडीएस पेनने मोजा, ३०-४०-५० काहीही येईल. रीफला (कोरलच्या टँकला) शून्य लागतो आणि त्याला आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लागतं. चौपाटीवरून कॅन भरून आणणारे पण आहेत, त्यांना हात जोडून विनंती की मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात काय काय मिसळतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि पावसाळ्यात तर ते धड खारटही नसतं.

हे महिने संपत आले हे कळतं कशावरून, तर पंपावर आणि मागच्या काचेवर जांभळे-गुलाबी ठिपके दिसायला लागतात, ती कोरलाइन, म्हणजे कवचासारखं चांगलं शेवाळ. ते ठिपके दिसले की फोटो पाठवा, आम्हाला खरंच आवडतात.

मे महिना, गुरुवार आणि जुलै

परदेशातले व्हिडिओ बघून सेटअप करणाऱ्यांना हा भाग कोणी सांगत नाही. तिकडे लोक पाणी गरम कसं ठेवायचं या चिंतेत, आपण थंड कसं ठेवायचं या चिंतेत. २५-२६ डिग्रीचा टँक मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये ३१-३२ ला आरामात जातो. पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी गार होतं, पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये दोन-तीन डिग्रीचा फरक पडतो, पण मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तोच पंखा जेमतेम काम करतो आणि जुलैत तर नुसता फिरतो. त्यामुळे मुंबईवाल्यांनी चिलरचं (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं) बजेट आधी धरा, कोरलचं नंतर. आणि पंख्याने उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं, म्हणून टॉप-अप कायम साध्या आरओ-डीआय पाण्याचा. खारं पाणी टॉप-अपला टाकणारा दर उन्हाळ्यात एक तरी भेटतोच.

लाइट जाणं हा दुसरा भाग. पुण्यात गुरुवारची बत्ती गुल सगळ्यांना पाठ आहे तरी दर गुरुवारी दुपारी फोन येतातच. फिल्टर बंद पडल्याने लगेच काही होत नाही, ऑक्सिजन आधी संपतो, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो. बॅटरीवरचा छोटा एअर पंप, जो लाइट गेल्यावर आपोआप चालू होतो, तो घेऊन ठेवा. आमच्या दुकानातली सगळ्यात कमी मार्जिनची वस्तू आहे ती, आणि आम्ही सगळ्यात जास्त आग्रह तिचाच करतो. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एक पॉवरहेड ठेवा, लाइट आणि चिलर नको.

कोरल पांढरं पडलं म्हणजे मेलं असं धरू नका. नीट बघा. पांढरं आहे पण अंगावर पातळ मांस आहे, पॉलिप हलतायत, तर ते ब्लीच झालंय, आतलं झूझँथेली शेवाळ त्याने बाहेर टाकलंय, पण जिवंत आहे. लाइट कमी करा, टेंपरेचर हळूहळू खाली आणा, बारीक खाणं द्या, काही आठवड्यांनी रंग परत येऊ शकतो. लक्षद्वीपची कोरलं १९९८ मध्ये, मग २०१० ला, मग २०१६ ला अशीच समुद्र तापल्याने पांढरी पडली होती, काही मेली, काही सावरली, म्हणजे उष्णतेचा मार खऱ्या समुद्रालाही चुकत नाही. पण मांस सालीसारखं सुटून खालचा सांगाडा उघडा पडत असेल तर वाट बघू नका, निरोगी टोक लगेच कापून वेगळं लावा.

मासे

यावर थोडक्यात, कारण याचं वेगळं पत्रक आहे. अंगावर मिठासारखे पांढरे दाणे म्हणजे बहुतेक वेळा इच, हा परजीवीचा रोग. लसूण लावून खायला दिल्याने मासा जेवतो, इच जात नाही. सगळे मासे वेगळ्या टँकमध्ये काढून कॉपरची ट्रीटमेंट, आणि डिस्प्ले माशांशिवाय रिकामा, हॉबीत ७६ दिवसांचा नियम पाळतात. खूप मोठा काळ वाटतो, कबूल. पण या काळात कोरल आणि गोगलगायी आतच राहतात, खडक मुरतो, आणि शेवाळाची परिस्थिती सुधारलेली आम्ही बऱ्याच घरी बघितली आहे. पुढच्या वेळेपासून क्वारंटाइन. प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, पाइपचा तुकडा, एवढंच लागतं त्याला.

मग मन लागेना तर

दुकानदार असून सांगतोय, क्रॅशनंतर एक महिना आमच्याकडून सजीव काही घेऊ नका. आम्ही देणार पण नाही, काउंटरवर वाद घालू नका. दुःखात केलेली खरेदी त्याच पाण्यात जाते ज्यात आधीचं मेलं. कुणी किनाऱ्यावरून उचललेलं कोरल स्वस्तात देतो म्हणाला तर अजिबात नाही, आपल्या समुद्रातलं दगडी कोरल, समुद्रघोडे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, वाघ ज्या शेड्यूलमध्ये आहे त्याच. घ्याल ते बिल आणि इंपोर्टचे कागद बघूनच घ्या.

त्या महिन्यात काम कमी करा पण बंद करू नका. काच पुसा, स्किमरचा कप धुवा, टेंपरेचर आणि सॅलिनिटी बघून लिहा. दहा-पंधरा मिनिटं. डोसिंग, ट्रेस एलिमेंट, अॅपमधले ग्राफ सगळं बाजूला. इंस्टावरचे रीफ टँक पण बाजूला ठेवा, ते फोटो निळ्या लाइटमध्ये, फिल्टर लावून, टँकच्या चांगल्या कोपऱ्याचे काढलेले असतात, आमच्या स्वतःच्या पेजवरचे पण.

परत सुरू करताना एसपीएसकडे (अॅक्रोपोरासारख्या नाजूक दगडी कोरलकडे) जाऊ नका. मश्रूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया यातलं एखादं मऊ कोरल घ्या. जाणकार नाक मुरडतात यांच्याकडे, मुरडू देत. लेदर कोरल संध्याकाळी पॉलिप उघडून बसलं की घरातलं लहान मूल त्याच्यासमोरच बसतं, अॅक्रोपोराच्या निळ्या टोकाचं त्याला काही नसतं. आणि ही कोरलं थोडा नायट्रेट चालवून घेतात, म्हणजे तुमच्या नवीन टँकला सोयीची.

शेवटचं, फ्रॅग बँक (फ्रॅग म्हणजे कोरलचा तुकडा). जर्मनीत १९८० च्या दशकात डीट्रिश श्ट्यूबर नावाच्या बर्लिनच्या हौशी माणसाने घरच्या टाकीत अॅक्रोपोरा वाढवलं आणि त्याचे तुकडे लोकांना वाटले, ते पुढे युरोपभर पसरले. आम्ही तेच छोट्या प्रमाणावर करतो. तुमचं कोरल चांगलं वाढलं की एक तुकडा आमच्या सिस्टममध्ये ठेवायला द्या, पावतीवर तुमचं नाव आणि जात लिहून देतो. तुमच्याकडे काही झालं तर त्याच कोरलचा तुकडा परत न्यायचा, पैसे नाही. सिस्टममध्ये ठेवायच्या आधी फ्रॅग डिप करून (औषधी पाण्यात बुडवून) घेतो आणि किडे दिसले तर परत पाठवतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

पाण्याचं टेस्टिंग दुकानात फ्री आहे, क्रॅश झालेल्यांना आधी घेतो. सँपल पाव लिटर, स्वच्छ बाटलीत, तोंडापर्यंत भरून, काढल्यावर दोन-तीन तासांत. कोल्ड्रिंकची बाटली नको, त्यात फॉस्फेट नेहमी जास्त येतं आणि मग तुम्ही पण घाबरता आणि आम्ही पण. सोमवारी बंद.