कोयनेतून पाणी कधी सोडायचं?

ऑगस्टमध्ये पावसाचा जोर वाढला की सांगलीत जो तो विचारतो, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल; तिथे 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 मध्ये ते 57 फुटांवर गेलं. मग आरोप ठरलेला: कोयनेतून आधीच पाणी का सोडलं नाही? आधी सोडलं आणि पाऊस ओसरला, तर म्हणायचं, पाणी वाया का घालवलं? (सांगलीचा पूर एकट्या कोयनेचा नसतो, हरिपूरला वारणाही येऊन मिळते, पण तो विषय वेगळा.) निर्णयाची पारख निकालावरून करू नये. तो घेताना हाती काय माहिती होती, ते पाहावं.

कोयना धरणाची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). येत्या आठवड्यात आवक किती, हे ठाऊक नाही; जुन्या नोंदी आहेत. त्यांची सरासरी काढून तेवढी जागा रिकामी ठेवावी, असं सहज वाटतं. पण ते चूक आहे.

एकाच टीएमसीचा हिशेब करू. जागा केली आणि पाणी आलंच नाही, तर वीज-शेतीचं नुकसान 1 धरा. जागा केली नाही आणि पाणी आलं, तर पुराचं नुकसान 9. आकडे केवळ उदाहरणाचे. ती जागा लागण्याची शक्यता p असेल, तर न करण्याचं अपेक्षित नुकसान 9p, करण्याचं 1−p. 9p मोठं असेतोवर, म्हणजे p एक दशांशाच्या वर असेतोवर, जागा करत राहायचं; पुढचा प्रत्येक टीएमसी लागण्याची शक्यता कमी होत जाते. आता 40 वर्षांची त्याच आठवड्याची आवक चढत्या क्रमाने मांडा आणि 36 वा आकडा घ्या, कारण त्याच्या वर एक दशांश, म्हणजे चारच वर्षं उरतात. झालं! सरासरी कुठेच लागली नाही. नुकसान 1 ला 3 असेल, तर p ची सीमा एक चतुर्थांश, म्हणून 30 वा आकडा.

पण 40 नोंदी थोड्याच. जुलै 2021 मध्ये कोयनेच्या पाणलोटातल्या महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. असा दिवस यादीत नसेल तर 36 वा आकडाही तोकडा. म्हणून नोंदींच्या आसपासची सगळी संभाव्यता-वितरणं (किती आवक होण्याची किती शक्यता, याच्या मांडण्या) घेतात आणि त्यांतल्या सर्वांत वाईटासाठी निर्णय करतात. 'आसपास' किती, हे वासरस्टाइन अंतराने मोजतात: एका वितरणातली संभाव्यता हलवून दुसरं घडवायला लागणारं किमान काम.

नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस, यावरून आवक कळत नाही. एआयने पूर टळेल म्हणणाऱ्यांनाही विचारावं: 1 ला 9 की 1 ला 3, हे कुणी ठरवलं? ते कुठल्याच नोंदीत सापडत नाही. धरणाच्या पाटण तालुक्यातल्या आणि सांगलीच्या लोकांसमोर ते पावसाळ्याआधी ठरवून जाहीर करायला हवं.