नागानो १९९८ हिवाळी ऑलिंपिकमधील स्नोबोर्डिंग

जपानमधील नागानो येथे १९९८ साली झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगचा, म्हणजे एकाच फळीवर उभे राहून बर्फाच्या उतारावरून घसरण्याच्या खेळाचा, पहिल्यांदाच समावेश झाला. जायंट स्लॅलम (वेळेची शर्यत) आणि हाफपाइप (कसरतींची स्पर्धा) हे दोनच प्रकार, पुरुष व महिला धरून चार सुवर्णपदके. ८ ते १२ फेब्रुवारी या पाच दिवसांत सारे आटोपले. मात्र पहिलेच सुवर्ण विजेत्याच्या हातून गेले आणि परत आले. नागानोच्या स्नोबोर्डिंगची आठवण निघते ती बहुधा याच प्रकरणामुळे. बाकीच्या विजेत्यांवर हा थोडा अन्यायच आहे.

खेळ ऑलिंपिकमध्ये आला तोच भांडण घेऊन. स्नोबोर्डवाल्यांची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना होती, पण ऑलिंपिक समितीने सूत्रे दिली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाकडे. एकेकाळी कित्येक स्की केंद्रांनी स्नोबोर्डला उतारावर फिरकूही दिले नव्हते. आता त्याच स्कीवाल्यांच्या नियमांनी खेळायचे, हे अनेकांना रुचले नाही. हाफपाइपमधला त्या काळचा सर्वांत नावाजलेला खेळाडू, नॉर्वेचा तेरिए होकोन्सेन, नागानोला गेलाच नाही.

जायंट स्लॅलम शिगा कोगेनमधील याकेबिताई डोंगरावर झाली. पायात स्कीसारखे टणक बूट, खाली अरुंद, ताठ बोर्ड आणि गेटांमधून (वाट आखणाऱ्या खांबांमधून) वळणे घेत दोन फेऱ्या. दोन्हींच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो पहिला. कॅनडाच्या रॉस रेबाग्लियातीला २ मिनिटे ३.९६ सेकंद लागले, इटलीच्या थॉमस प्रुगरला २ मिनिटे ३.९८. म्हणजे अंतर सेकंदाच्या दोन शतांशांचे! स्वित्झर्लंडचा उएली केस्टेनहोल्झ तिसरा आला.

पुढे रेबाग्लियातीच्या नमुन्यात गांजाचा अंश सापडला : मिलिलिटरमागे १७.८ नॅनोग्रॅम. स्की महासंघाची मर्यादा १५ची होती. पदक काढून घेण्यात आले, जपानी पोलिसांनीही त्याची चौकशी केली. निरोपाच्या पार्टीत इतरांनी ओढलेल्या गांजाचा धूर आपल्या नाकातोंडात गेला, असे त्याचे म्हणणे होते. क्रीडा लवादाने या खुलाशाच्या खरेखोटेपणावर निकाल दिलाच नाही. गांजासाठी शिक्षा करायला ऑलिंपिक समिती आणि स्की महासंघ यांच्यात करार लागतो, तो झालेलाच नव्हता, एवढ्या मुद्द्यावर त्याचे पदक परत मिळाले.

महिलांच्या शर्यतीत असली चुरस नव्हती. फ्रान्सच्या कारीन रुबीने दीड सेकंदाहून जास्त फरकाने सुवर्ण नेले. जर्मनीची हायडी रेनोट दुसरी, ऑस्ट्रियाची ब्रिगिटे कोक तिसरी. रुबीने २००२ मध्ये समांतर जायंट स्लॅलममध्ये रौप्यही मिळवले. पुढे ती पर्वत मार्गदर्शकाचे प्रशिक्षण घेत होती. २००९ मध्ये आल्प्समधील माँ ब्लां पर्वतावर झालेल्या अपघातात तिचा मृत्यू झाला.

हाफपाइपच्या दोन्ही स्पर्धा १२ तारखेला कानबायाशी येथे, भर पावसात झाल्या. बर्फात कोरलेली ही लांबलचक पन्हळ. खेळाडू एका भिंतीवरून उसळतो, हवेत गिरकी घेऊन त्याच भिंतीवर उतरतो आणि वेगाने समोरच्या भिंतीकडे जातो. इथे घड्याळ नसते, परीक्षक असतात. त्या वेळी प्रत्येक परीक्षकाकडे वेगळी बाब असे : एक गिरक्या पाही, दुसरा उसळीची उंची, आणखी एक उतरणे. दोन फेऱ्यांचे गुण मिळवून पुरुषांत स्वित्झर्लंडचा जियान सिमेन (८५.२) पहिला ठरला. नॉर्वेच्या डॅनियल फ्रांकला रौप्य (८२.४) आणि अमेरिकेच्या रॉस पॉवर्सला कांस्य (८२.१) मिळाले. महिलांत जर्मनीच्या निकोला थोस्टने (७४.६) नॉर्वेच्या स्टीने ब्रून शेल्डोसला (७४.२) जेमतेम मागे टाकले, कांस्य अमेरिकेच्या शॅनन डनला (७२.८).

बारा पदके आठ देशांत वाटली गेली, यजमान जपानला एकही नाही. हाफपाइप पुढेही टिकला आणि पॉवर्सने २००२ मध्ये त्यात सुवर्ण मिळवले. घड्याळाशी एकट्याने खेळायची जायंट स्लॅलम मात्र २००२ पासून बंद झाली. तिच्या जागी दोघांना शेजारी-शेजारी पळवणारी समांतर शर्यत आली. त्यामुळे या प्रकारातले ऑलिंपिक विजेते दोनच : रुबी आणि रेबाग्लियाती.