आपत्कालीन रुग्णसुरक्षा

साथ, पूर किंवा मोठ्या दुर्घटनेमुळे रुग्णालयावर झेपणार नाही इतका भार पडला, तरी उपचारांतून रुग्णाला अपाय होऊ नये यासाठीची व्यवस्था. चुकीचे औषध, रुग्णालयातच जडणारा संसर्ग, रुग्णांची अदलाबदल हे धोके एरवीही असतात. गर्दी, थकवा आणि नवखे कर्मचारी यांमुळे ते बळावतात.

पुण्याला याचा अनुभव जुना आहे. १८९७च्या प्लेगमध्ये गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या झाल्या आणि त्या धास्तीने लोक आजारी माणसे लपवू लागले. त्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला; १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. शुश्रूषा करणाऱ्यांचे संरक्षण हाही रुग्णसुरक्षेचाच भाग आहे आणि धावपळीत तोच आधी मागे पडतो.

राज्यातील पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. त्यांच्यावर नायडू रुग्णालयात उपचार झाले. ऑगस्टमध्ये शिवाजीनगरला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचे जम्बो रुग्णालय उभे राहिले. सुरुवातीला तिथे मनुष्यबळ अपुरे पडले. आपला माणूस कसा आहे हेही नातेवाइकांना कळेना. पुढे व्यवस्थापन बदलावे लागले. खाटा काही आठवड्यांत वाढवता येतात, पण अतिदक्षता विभागात सरावलेली परिचारिका इतक्या लवकर तयार होत नाही. म्हणून नवख्यांना अनुभवी सिस्टरच्या हाताखाली देणे आणि नातेवाइकांना रोज ठरल्या वेळी फोन करणे ही कामे खाटांइतकीच निकडीची ठरतात.

एप्रिल २०२१मध्ये प्राणवायूचा तुटवडा पडला. तेव्हा गळती शोधणे, जेवताना मास्क काढल्यावर प्रवाह बंद करणे, रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी ९२ ते ९६ टक्के राहील इतकाच प्राणवायू देणे, यावर भर आला. काटकसर झाली ती रुग्णाला धोका न वाढवता. पाठोपाठ म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण वाढले. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेत ही बुरशी फोफावते; म्हणून स्टेरॉइड देताना साखर वेळोवेळी तपासणे किती गरजेचे, हे त्यातून ठळक झाले.

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागांत गुईलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काहींना व्हेंटिलेटर लागला. अशा रुग्णाला बहुधा पूर्ण शुद्ध असते, पण हातपाय हलत नाहीत. त्याची कूस ठरावीक वेळाने बदलणे, घशातील स्राव काढणे आणि पापणीच्या खुणेने त्याला दुखणे सांगता येईल अशी सोय करणे, हे सारे परिचारिकेला दिवसरात्र करावे लागते.