शाश्वत मासेमारी आणि किनारी समाज : पुण्याच्या बाजारपेठेच्या संदर्भात

पुढच्या हंगामासाठी समुद्रात पुरेसा साठा शिल्लक राहील इतकीच, आणि शक्यतो मासा एकदा तरी अंडी घालून झाल्यावर केलेली मासेमारी म्हणजे शाश्वत मासेमारी. व्याख्या साधी असली तरी ती पाळायची कोणी, हा प्रश्न अवघड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, पाहणी केलेल्या सागरी मत्स्यसाठ्यांपैकी ३७.७ टक्के साठ्यांचा २०२१ मध्ये प्रमाणाबाहेर उपसा होत होता. १९७४ मध्ये हे प्रमाण १० टक्के होते. याच संघटनेने १९९५ मध्ये जबाबदार मासेमारीची आचारसंहिता आणि २०१४ मध्ये लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दुसरा दस्तऐवज अधिक मोलाचा मानावा लागेल, कारण त्यात माशाबरोबर मच्छीमारही आला: किनाऱ्यावरचा त्याचा हक्क, मासळी विकणाऱ्या बायकांचे स्थान, वादळानंतर पुन्हा उभे राहण्याची सोय.

पुण्याचा संबंध. पुणे जिल्हा सह्याद्रीच्या कड्यावर संपतो. समुद्र त्याच्या वाट्याला आलेला नाही. तरी कोकणातल्या मासळीचे पुणे हे मोठे गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाइकाची आवड घाट उतरून थेट जाळ्यापर्यंत पोहोचते. गणेश पेठेतला मासळी बाजार आणि कॅम्पातले शिवाजी मार्केट ही शहरातली जुनी ठिकाणे. वर्तमानपत्रातल्या बाजारभावाच्या बातमीत आवक ठरावीक क्रमाने येते: खोल समुद्रातील मासळी, खाडीची मासळी, नदीची मासळी आणि आंध्र प्रदेशातून आलेले रहू, कतला, सीलन. या यादीतला शेवटचा भाग शेततळ्यांतला आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शहराची माशाची गरज सगळी समुद्रावर पडत नाही, ती या तळ्यांमुळे.

मागणीचे वेळापत्रक पंचांगावर चालते. गटारीला बाजार उसळतो, श्रावणात पडतो, नवरात्रात आणि मार्गशीर्षात पुन्हा मंदावतो. समुद्राचे वेळापत्रक वेगळे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते, कारण अनेक जातींच्या विणीचा हा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. गंमत अशी की या दोन वेळापत्रकांची गाठ पडत नाही. आषाढात पुणेकराला मासे हवे असतात तेव्हा कोकणातल्या बोटी शाकारलेल्या असतात. बोटी भरून येऊ लागतात तेव्हा पुण्यात श्रावण सुरू असतो आणि भाव बसलेला असतो. मधली पोकळी शीतगृहातला माल भरून काढतो आणि पूर्व किनाऱ्यावरचा मासाही, कारण तिकडची बंदी १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंतच असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या लोटायच्या, ही कोळ्यांची जुनी रीत सरकारी तारखेपेक्षा बहुधा उशिराचीच असते. मासेमारी त्या दिवसापर्यंत बंद ठेवावी, अशी मागणी मच्छीमारांमधूनच वेळोवेळी होत आली आहे.

आकाराचा प्रश्न. पुण्यात गेल्या काही वर्षांत मासळीच्या थाळीची हॉटेले गल्लोगल्ली निघाली. पापलेट थाळीत अख्खे पापलेट लागते: ताटात मावणारे, तव्यावर एका वेळी चार बसतील असे आणि थाळीच्या दरात परवडणारे. मोठे पापलेट तुकड्यांनी वाढले तर गिऱ्हाईक नाराज होते. ही मागणी नेमकी लहान माशाची आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. चंदेरी पापलेटासाठी ते १३५ मिलिमीटर आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. १३५ मिलिमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या पंजाहूनही कमी लांबी. तेव्हा मर्यादा फार कडक आहे अशी तक्रार करायला जागा नाही. अडचण मोजण्याची आहे. बंदरावर, पाटीतला मासा पट्टीवर ठेवून मोजता येतो. सुरमई एकदा विळीखालून तुकडे होऊन गेली की लांबी मोजायची कशाची? त्यामुळे नियमाचा सगळा भार बोटीवर पडतो आणि ज्याच्या मागणीमुळे लहान मासा उचलला गेला तो विक्रेता व खवय्या नामानिराळे राहतात. केरळने असेच किमान आकारमान २०१५ मध्ये १४ जातींपासून लागू केले आणि पुढे यादी वाढवत नेली. महाराष्ट्राला या बाबतीत उशीर झाला, हे नोंदवायला हवे.

जाळी आणि कायदे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा असून २०२१ मध्ये त्यात दंड वाढवणारी मोठी दुरुस्ती झाली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, राज्याची हद्द, त्यापुढे केंद्राची. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत ओढले जाते. त्याच्या शेपटाकडच्या पिशवीचा आस, म्हणजे विणीतले भोक, शंकरपाळ्याच्या आकाराचा असेल तर ओढ बसताच तो मिटतो आणि बोटभर पिल्लूही आत अडकते. आस चौकोनी असला तर ताणातही उघडा राहतो व लहान मासा निसटतो. म्हणून ४० मिलिमीटर चौकोनी आसाची सक्ती आहे. ती सगळीकडे पाळली जाते असे कोणीही म्हणणार नाही. जाळ्यात आलेला बारीकसारीक, खाण्यात न जाणारा माल ‘कुटा’ म्हणून वेगळा काढतात. तो मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात जातो आणि कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यातून माणसाच्या ताटात परततो. त्या ढिगात उद्याच्या सुरमया आणि बांगडेही असतात.

पर्ससीन जाळे बांगडा-तारलीचा अख्खा थवा वेढून तळाशी आवळते. त्यावर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने या मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे निर्बंध घातले. रात्री प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडून मासा गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली. सिंधुदुर्गात या दोन्हींविरुद्ध रापणकरांचा रोष मोठा आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचे जाळे. थवा बाहेरच वेढला गेला तर रापणीत केवळ शेवाळ येते.

तरीही पारंपरिक तेवढे निरुपद्रवी, असे सरसकट धरता येत नाही. उत्तर किनाऱ्यावरची डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधलेली असतात. ती बोंबील आणि जवळ्यासाठी असल्याने त्यांचा आस फार बारीक असतो, आणि पापलेटाची पिल्ले त्यात सापडतात. पापलेटासाठी नावाजलेल्या सातपाटीच्या मच्छीमारांची ही जुनी तक्रार आहे. समुद्रात खुंट रोवण्याच्या जागांवरून, म्हणजे कवींवरून, पालघर आणि वसईकडच्या गावांत तंटेही झाले आहेत. भांडण नेहमी गरीब विरुद्ध भांडवलदार असे सुटसुटीत नसते.

माणसे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोळी, मांगेला, वैती, भंडारी, खारवी, दालदी, गाबित असे अनेक समाज मासेमारीवर जगतात. रत्नागिरीच्या बोटींवर आता नेपाळी खलाशीही मोठ्या संख्येने दिसतात. फेरीचा डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे वाटे पडतात: बोटीचा, जाळ्याचा, तांडेलाचा (बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा), खलाशांचा. हंगामाआधी जाळी विणायला, इंजिन दुरुस्त करायला पैसा लागतो तो दलालाकडून उचल म्हणून येतो. उचल घेतली की मासळी त्यालाच घालावी लागते, आणि भावही तोच लावतो. कर्जात अडकलेल्या नाखव्याला ‘लहान मासा सोडून दे’ असे सांगणे सोपे आहे; त्याला ते परवडत नाही. आकारमानाच्या नियमाइतकीच सहकारी संस्थेची पतपुरवठ्याची खिडकी महत्त्वाची ठरते ती यामुळे.

लिलावानंतरचा व्यवहार बहुतांशी बायकांच्या हातात असतो. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, वाळत घालणे, जवळा सुकवणे, सोडे (सोललेली सुकी कोळंबी) काढणे ही कामे त्यांचीच. पावसाळ्याच्या तोंडावर मुळशी, वेल्हे, भोर भागातल्या आठवडी बाजारांत सुकट-बोंबलाची जी दुकाने लागतात, ती या श्रमाची वरची टोके होत. घाटमाथ्यावरच्या गरीब घरांत पापलेट क्वचितच जाते, सुकट मात्र पावसाळाभर पुरते. योजना आखताना शीतगृहांचा जितका विचार होतो तितका वाळवणाच्या ओट्यांचा होत नाही.

वादळे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ पाठोपाठ आली आणि ऐन हंगामात बोटी बंदरात अडकल्या. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगर भागात जमिनीवर आले. त्याने रायगडमधल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, आणि घाट ओलांडून मावळ, मुळशी, जुन्नरमध्येही घरांचे पत्रे आणि पॉलिहाऊस उडवली. समुद्रावरचे संकट पुण्याने त्या दिवशी स्वतःच्या छपरावर पाहिले. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गेले.

याचा अभ्यास पुण्यातच होतो, हे शहरात फारसे ठाऊक नसते. पाषाणमधील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवले की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती ८ टक्क्यांनी घटली. संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या संशोधनानुसार पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत कमी झाले. पृष्ठभागाचे पाणी तापले की ते खालच्या थंड, पोषक पाण्यात मिसळत नाही. प्लवक उपाशी राहते आणि त्यावर जगणारा मासाही. म्हणजे घटत्या मासळीचा सगळा दोष जाळ्यावर टाकता येत नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) बंदरांच्या आणि लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्यांच्या प्रतिकृती बांधून तपासल्या जातात. चुकीच्या जागी घातलेला बंधारा एका गावाची पुळण वाचवून शेजारच्या गावाची खातो, त्यामुळे हे कामही याच विषयात मोडते. वादळाचा इशारा आज बोटीपर्यंत वेळेवर पोहोचतो. इशाऱ्यामुळे बुडालेल्या दिवसांची मजुरी कोण देणार, हे मात्र ठरलेले नाही.

अन्यत्रचे प्रयोग. केरळमधील अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय शाश्वतता प्रमाणपत्र मिळाले. भारतातले ते पहिले. तिथे विणीच्या महिन्यांत उपसा बंद ठेवतात. मादागास्करच्या अंदावादोआका गावाने २००४ पासून ऑक्टोपसची काही क्षेत्रे ठरावीक काळ बंद ठेवून पाहिली, आणि उघडल्यावर मोठे ऑक्टोपस मिळाल्याने शेजारच्या गावांनी अनुकरण केले. फिलिपिन्समधील आपो बेटाचे राखीव क्षेत्र १९८२ पासूनचे आहे. तिन्ही ठिकाणी नियम पाळण्याची गरज गावाला पटलेली होती.

कोकणातही असे एक उदाहरण आहे. डिसेंबर २०१८ पासून वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी, जाळ्यात अडकलेले कासव किंवा इतर संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना चालवली. मच्छीमार कापलेल्या जाळ्याचे आणि सुटलेल्या प्राण्याचे फोटो पाठवतो. दंडाच्या पावत्यांनी जे साधले नव्हते ते नुकसानभरपाईने बरेचसे साधले. सिंधुदुर्गात कांदळवनातल्या होडीच्या सफरी आणि खेकडापालन बचत गटांच्या बायका चालवतात. मासळी नसलेल्या महिन्यांत घरात चार पैसे येतात.

पुणे जिल्ह्यातला याच्या जवळचा नमुना गोड्या पाण्यातला आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणच्या आसपास मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्यात आता मुख्यतः चिलापी येते. ही बाहेरून आलेली जात स्थानिक माशांना पुरून उरली आहे. पण हिवाळ्यात रोहित पक्षी उतरले की हेच होडीवाले कुंभारगावच्या काठावरून पर्यटकांना पाण्यात नेतात, थवा कुठे बसला आहे ते सांगतात आणि त्या दिवशी जाळे टाकत नाहीत.