बँडमधला पिकोलो: एकच पुरे

कोल्हापुरात खासबागच्या मैदानात कुस्ती रंगली, की हजारोंच्या गलक्यातूनही हलगी सरळ कानात शिरते. ढोल आकाराने कितीतरी मोठा, पण लांबच्या पायरीवर आधी कळते ती हलगीच. बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात हे काम पिकोलो, म्हणजे छोटा फ्लूट, करतो. लांबी जेमतेम 32 सेंटिमीटर, म्हणजे फ्लूटच्या निम्मी. तरीही ट्रंपेट, क्लॅरिनेट, युफोनियम एकदम वाजत असताना तो वेगळा ऐकू येतो.

हे केवळ फुंकीच्या जोरावर होत नाही. दोन्ही टोकांना उघड्या नळीत सर्वांत खालच्या स्वराची निम्मी लहर मावते. पिकोलोचा खालचा स्वर 587 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 587 कंपनांचा. त्याची लहर सुमारे 58 सेंटिमीटर, निम्मी 29. वर तो 4,186 हर्ट्झपर्यंत, म्हणजे पियानोच्या शेवटच्या पट्टीपर्यंत पोचतो. आता आपला कान बघा. कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि ती 3,000 हर्ट्झच्या जवळपास स्वतःच घुमते. म्हणून तेवढ्याच ताकदीचा खर्जातला स्वर मंद वाटतो आणि पिकोलोचा टोचतो. शिवाय बाकी वाद्यांचे मूळ स्वर इतक्या वर क्वचितच जातात. वरचा मजला मोकळाच असतो. फक्त झांजा तिथे घुसतात, म्हणून पिकोलोच्या बारीक जागांवर झांज मारू नये.

बँडसाठी नोटेशन लिहिणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. पिकोलो लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो. ऐकू यायचा तो स्वर जसाच्या तसा कागदावर उतरवला, तर वादक बिचारा आभाळात. दुसरी चूक उलटी: खालच्या सप्तकात महत्त्वाची चाल देणे. तिथे त्याचा आवाज पोकळ आणि मऊ असतो. शांत प्रसंगाला तो फार सुंदर लागतो, पण महाद्वार रोडच्या मिरवणुकीत कुणाला पत्ताही लागणार नाही. मधले सप्तक सर्वांत कामाचे. वरच्या सप्तकात हळू वाजवणे जवळजवळ अशक्य, तेव्हा तिथे 'मंद' लिहून उपयोग नाही.

अमेरिकन संगीतकार जॉन फिलिप सूझाच्या 1896 च्या 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर' या मार्चमध्ये मूळ चाल खाली सावकाश चालते आणि पिकोलो वरून भराभर नक्षी काढतो. खाली लांब स्वर, वर बारीक तुकडे, मध्ये भरपूर मोकळी जागा: ही मांडणी आपल्याकडच्या चालींनाही छान बसते. फ्रेंच संगीतकार राव्हेलने 1928 च्या 'बोलेरो'त याहून चलाखी केली. हॉर्नच्या चालीवर दोन पिकोलो त्याच स्वराच्या तिसऱ्या आणि पाचव्या उपस्वरांवर (मूळ स्वराच्या तिप्पट आणि पाचपट कंपनांवर) हळूच ठेवले. ऐकणाऱ्याला पिकोलो ऐकूच येत नाहीत. हॉर्नचाच रंग बदलून ऑर्गनसारखा होतो.

मात्र एका स्वरावर दोन पिकोलो लावायचे नाहीत. दोघांत अर्धस्वराच्या दहाव्या भागाचा फरक पडला, तर 300 हर्ट्झवर आवाजाला सेकंदाला दोनाहून कमी हेलकावे (लहान-मोठा होणे) येतात, 3,000 हर्ट्झवर सतरा. तो कर्कश थरथराट कुणालाही चुकत नाही.

हवामानही छळते. हवा एक अंशाने तापली, की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. मे महिन्याच्या दुपारच्या वरातीत पिकोलो चढतो, सिंथेसायझर जागचा हलत नाही. मग पिकोलोचे डोके (फुंकीच्या भोकाचा तुकडा) किंचित बाहेर ओढायचे. पण नळी निम्मी असल्याने एका मिलिमीटरचा परिणाम फ्लूटच्या दुप्पट होतो. गार पिकोलो उलट उतरलेला असतो. वादक फ्लूट सोडून पिकोलो घेणार असेल, तर मध्ये निदान आठ मात्रा नव्हे, आठ बार (मात्रांचे गट) मोकळे ठेवावेत, म्हणजे तो आत फुंकून नळी गरम करू शकेल.

लाकडी पिकोलो नवा असताना रोज दहा-पंधरा मिनिटांहून जास्त वाजवू नये. आतली बाजू श्वासाने ओली होऊन फुगते, बाहेरची कोरडीच राहते आणि लाकूड तडकते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भोके झाकणारे पॅडही फुगतात आणि नीट बसत नाहीत. वाजवून झाल्यावर सळईला सुती फडके गुंडाळून आतले पाणी टिपावे. आणि वरचे सप्तक अचानक बेसूर झाले, तर पॅडना हात लावण्याआधी डोक्यातले बूच तपासा. फुंकीच्या भोकाच्या मध्यापासून ते साधारण साडेसात मिलिमीटरवर हवे.